शेफील्डच्या महापौरांकडे अधिकार नाहीत, मग त्यांच्या 'चॅरिटी'ची चर्चा का?

इंग्लंडमधल्या शेफील्डचं 'लॉर्ड मेयर' हे मानाचं पद. मुदत एक वर्ष. कारभार परिषदेकडे. पण वर्षभर कोणत्या संस्थांसाठी निधी गोळा करायचा, हे मेयर ठरवतात.

२०१८ मध्ये २८ वर्षांचे माजिद माजिद मेयर झाले. जन्म सोमालीलँडमधल्या बुराओचा. यादवीमुळे कुटुंब इथिओपियातल्या निर्वासित छावणीत आणि तिथून शेफील्डला आलं. तेव्हा ते पाच वर्षांचे होते.

त्यांनी निवडलं काय? मानसिक आरोग्यावर काम करणारी 'फ्लरिश', महिलांसाठीचं समुपदेशन केंद्र आणि 'युनिटी जिम'.

अशा निवडीमुळे दुर्लक्षित कामाला पैसा आणि प्रसिद्धी मिळते. अडचण पुढे आहे. वर्षभराने मेयर बदलतात, यादीही बदलते. समुपदेशनाची गरज मात्र संपत नाही.