आईचं बोर्डिंग

आमच्या आईचं बोर्डिंग होतं, असं मी म्हटलं की भाऊ हसतो. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या आणि मागची पत्र्याची पडवी, याला बोर्डिंग कोण म्हणणार? पण भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावाकडून अकरावीला, आयटीआयला, नोकरीच्या मुलाखतीला आलेला पोरगा पहिली ट्रंक टेकवायचा ती आमच्याच दारात. कुणी वडिलांचा आतेभाऊ, कुणी चुलत्याचा मेहुणा, कुणी नात्यातला नव्हेच, नुसता गावचा. आईचा प्रश्न ठरलेला, ‘‘जेवलास काय रं?’’ तो ‘व्हय काकी’ म्हणाला तरी ताट वाढलं जायचंच. पोरं लाजून खोटं बोलतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकाच्या आसपास फिरलं तरी ती सापडतात. त्यांच्या संस्थापकांच्या, देणगीदारांच्या तसबिरी भिंतीवर आहेत, त्या असायलाच हव्यात. चुलीपुढं बसलेल्या बाईची तसबीर मात्र शोधावी लागते.

ठळक अपवाद लक्ष्मीबाई पाटलांचा, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नीचा. भाऊराव आमच्या जिल्ह्यातल्या कुंभोजचे, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी शाहू बोर्डिंग काढलं. तिथं अस्पृश्य मानलेल्या जातींची पोरंही इतरांच्या बरोबरीनं राहू, जेवू लागली. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या, पण त्या पोरांच्या आई झाल्या. पैसा संपला तसे अंगावरचे दागिने गेले आणि एकदा कोठीत दाणा उरला नाही तेव्हा मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा मोठा विस्तार पाहायला त्या उरल्या नाहीत.

भाषणांत त्यांचं मंगळसूत्र हमखास येतं. मला त्याचाच थोडा कंटाळा आलाय. मंगळसूत्र एकदाच विकता येतं, पोरं रोज जेवतात. त्या एका दिवसाच्या आधी आणि नंतर किती शेर जोंधळा निवडला, तापानं फणफणलेल्या पोराजवळ किती रात्री बसल्या, परगावच्या लेकराची समजूत कशी काढली, हे कुणी सांगत नाही. त्याग सांगायला सोपा पडतो. काम सांगायचं तर ते आधी बघितलेलं असावं लागतं.

आई गेल्यावर माळ्यावर कालनिर्णयचा गठ्ठा सापडला. मागचे सगळे महिने तिनं जपून ठेवले होते, कारण दुधाचा हिशेब त्यावरच असायचा. एरवी चौकटीत ‘१ ली.’ असायचं. मध्येच सलग आठ-दहा दिवस ‘२ ली.’ आणि खाली बारीक अक्षरात ‘सीपीआर’. म्हणजे गावाकडचं कुणीतरी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात दाखल असणार. आजऱ्या-भुदरगडातनंच नव्हे, खाली कोकणातनंही पेशंट तिथं येतात आणि त्यांची माणसं व्हरांड्यात, झाडाखाली दिवस काढतात. त्यांच्यासाठी आमच्याकडून डबा जायचा. पेशंटला मऊ भात नि मुगाचं वरण, सोबतच्याला भाकरी, झुणका, ठेचा. कुणाच्या पानावर काय चालत नाही, हेही त्याच चौकटीत: ‘साखर नको’, ‘मीठ कमी’. जूनच्या पानांवर भिशीचे आकडे आहेत आणि पुढं ‘फी’ एवढंच. कुणाची, ते लिहिलेलं नाही.

मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची चटणी व्हायची. संकेश्वरी, ब्याडगी मिरची उन्हात, खोबरं-तीळ भाजलेले, मग पाटीभर मसाला घेऊन कांडायला डंखावर. घरात खाणारी तोंडं सहा, पण चटणी व्हायची दुप्पट माणसांना पुरेल एवढी. २०१९ च्या महापुरात गल्लीनं पूरग्रस्तांसाठी भाकरी गोळा करायच्या ठरवल्या, तेव्हा गुडघे गेलेली आई पाटावर बसून पीठ मळत होती आणि सुनांना थापायला लावत होती. वर्षाच्या चटणीचा डबाही त्या भाकरींबरोबर गेला. आम्ही त्या वर्षी विकतची खाल्ली. बरी नव्हती.

हे सगळं गोड-गोड वाटू नये म्हणून सांगते. मला त्या पोरांचा राग यायचा. ती पडवीत दिवा लावून अभ्यास करायची आणि त्यांच्या भाकरी थापायला मी आणि माझी बहीण. आईच्या माणुसकीचं निम्मं बिल तिच्या पोरींनी भरलं. तिला हे तोंडावर ऐकवलंही होतं. ती म्हणाली, ‘‘मग काय उपाशी ठेवू व्हय?’’ याला उत्तर नव्हतं, पण माझा मुद्दा आजही मला खरा वाटतो. त्यातला एकही पोरगा कधी ताट उचलून मोरीत ठेवताना मी पाहिला नाही.

देशाचं चित्रही फार वेगळं नाही. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामात गुंतलेल्या बाईचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषाचा ८८. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात भरपाईच्या निकालात गृहिणीच्या कामाचं मोल पैशात धरण्याचं जोरदार समर्थन केलं. म्हणजे गाडीखाली आल्यावर तिच्या कामाला किंमत. चालती-फिरती असताना तिला काय?

आईला सगळे मोठ्या मनाची म्हणायचे. पण तिच्या नावावर काय होतं? घर वडिलांच्या नावावर, गावची जमीन त्यांच्या आणि चुलत्यांच्या. आधी रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाची पत्नी, पुढं मुलाची आई. ज्या घरात तिनं एवढी माणसं जेवू घातली, त्या घराच्या एकाही कागदावर ती मालक नव्हती. मोठ्या मनाचं कौतुक आम्ही फुकटात उरकलं.

आईच्या बाबतीत आता काही करता येत नाही. तुमच्या घरात करता येईल. महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज केला की त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. गावातल्या घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांची नावं लावता येतात. तिच्या पंचाहत्तरीला शाल-श्रीफळ जरूर द्या, पण त्याआधी तलाठी कार्यालयात जाऊन या.