कांदा-लसूण विचारलंत, पाणी विचारलंत का?



सुट्ट्या लागल्या की ताडोब्याच्या चौकशा सुरू होतात. रिसॉर्टला फोन लावून आपण पहिलं विचारतो, "जैन जेवण मिळेल ना? कांदा-लसूण, बटाटा नको." विचारावंच. दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते, म्हणून अंथऊचंही आधीच ठरवावं. पण चौकशी तिथेच का थांबते?

एप्रिल-मे महिन्यांत वाघ दिसायची शक्यता जास्त, कारण जंगलातलं पाणी आटतं आणि तो उरलेल्या पाणवठ्यांवर येतो. वन विभागाला बोअरच्या पाण्याने पाणवठे भरावे लागतात. आणि त्याच दिवसांत मोहर्ली असो की कोलारा, गेटबाहेर आपल्याला स्विमिंग पूल असलेलंच रिसॉर्ट हवं! घरी पाणी गाळून, जपून वापरणाऱ्या आपण. मी बी.कॉम. आहे, मला तरी हा जमाखर्च जुळवता येत नाही. शिवाय रात्री झाडांवर फोकस आणि डीजे. जिवांना अभय म्हणतो ते हेच का?

पूल नसलेलं, रात्री शांत असणारं, गावातल्या बायकांना काम देणारं साधं ठिकाण आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. नातवंडं कुरकुरतील, कुरकुरू देत. आणि मंगळवारी कोअर बंद असतो, तेवढं बघून बुकिंग करा.