धार लावायचा वेळ

आज खंडेनवमी. हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या कितीतरी कार्यालयांत लॅपटॉपला हळदकुंकू लागेल, वर झेंडूचे फूल चढेल. सुताराने पटाशी पुजावी, शेतकऱ्याने विळा पुजावा, तशीच ही पूजा. पण सुताराची पटाशी त्याच्या मुलाच्याही हाती येते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मात्र पुढच्या दसऱ्याला हातात हेच हत्यार असेल, याची खात्री नसते.

वेब अ‍ॅप बनवण्याच्या अँग्युलरजेएस या साधनाचेच पाहा. २०१० मध्ये गूगलकडून ते आले आणि अनेकांनी त्याच्या जोरावर नोकऱ्या मिळवल्या. २०१६ साली आलेली पुढची आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. जुने काम तिच्यावर जसेच्या तसे चालेना. २०२१ संपताना जुन्याची देखभालही थांबली. आता तर कोड लिहून देणारी एआयची साधनेच टेबलावर आली आहेत.

तरीही सगळेच वाहून जात नाही. माहिती तक्त्यांत कशी मांडावी, हे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सांगितले. आजचे कितीतरी डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. एकाच खात्यातून एकाच क्षणी दोघांनी पैसे काढले तर शिल्लक चुकू नये म्हणून आत काय घडते, हे ज्याला नीट उमगले, तो नव्या साधनाला बिचकत नाही. यंत्राने लिहिलेला कोड नुसता चालतो आहे की बरोबरही आहे, हे तोच ओळखू शकतो. त्यामुळे नवे शिकताना हा पाया पक्का करण्याला आम्ही अधिक महत्त्व देतो.

पण हे शिकायचे कधी? चाळिशीतल्या प्रोग्रॅमरच्या घरी दहावीची मुलगी असते, थकलेले आईवडील असतात. रात्री अकरानंतर तो कानाला हेडफोन लावून कोर्स पाहत बसतो. क्लायंटला ज्याचे बिल लावता येते तेवढेच काम, असा हिशेब असल्यामुळे टाइमशीटमध्ये या तासांना जागा नाही. हाती प्रकल्प नसल्याने ‘बेंच’वर बसवलेल्याला वेळ मिळतो खरा, पण नोकरीची धास्ती उराशी घेऊन कोणाचे चित्त लागणार?

पटाशीला धार लावायला बसलेल्या सुताराची मजुरी कोणी कापत नाही. धार लावणे हा त्याच्या दिवसभराच्या कामाचाच भाग असतो. प्रोग्रॅमरलाही आठवड्यातले किमान चार तास कामाच्या वेळेत, पगारी, शिकण्यासाठी मिळाले पाहिजेत. दसऱ्याची सुट्टी संपवून लोक कामावर परततील, तेव्हा टाइमशीटमध्ये त्या चार तासांचा रकाना असावा, ही आमची कंपन्यांकडे मागणी आहे.