मुलं मागाहून आणू...

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी महाडहून कोल्हापूरला गेले होते. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी महावीर उद्यानात नेलं आणि पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ दाखवला. आता पोलंडचा नि कोल्हापूरचा काय संबंध?

तर वळिवड्याला, आज जिथे गांधीनगर आहे तिथे, १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून रशियाने त्यांना घरादारातून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. आणि बाप? ते पोलिश फौजेत, इटलीत लढत होते. युद्ध संपलं, पण गावं रशियाकडे गेली होती, परतणार कुठे? मग ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून त्या सैनिकांना आपल्याकडे राहू दिलं, त्यांच्या बायकामुलांनाही बोलावून घेतलं. वळिवड्यातली कितीतरी मुलं मुंबईहून बोटीत बसून बापाकडे गेली. काहींचे बाप मात्र लढाईतून परतलेच नव्हते.

ऐकताना मला माझे दादा आठवले. मैत्रिणींनो, पोलादपूर-महाडकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. दादा मुंबईला गिरणीत आणि मुक्काम गावकीच्या खोलीत. वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, तिथे बाईमाणूस कसं राहणार? पुढे पोटभाड्याने अर्धी खोली मिळाली तेव्हा आई तान्ह्या भावाला घेऊन गेली. मी चार वर्षांची, आजीजवळ वाडीवर राहिले. "हिला मागाहून नेऊ," असं ठरलं. ते मागाहून यायला चार वर्षं लागली. दादा न्यायला आले तेव्हा मी कणगीमागे लपले होते.

आम्ही काही निर्वासित नव्हतो. एसटीच्या तिकिटाएवढंच अंतर होतं, कुणी गोळ्या झाडत नव्हतं. तरी चार वर्षं गेली! मग ज्या मुलाचा बाप जीव वाचवून परक्या देशात पोचलाय आणि मूल मागे राहिलंय, त्याचं काय होत असेल?

त्याच ब्रिटनमध्ये आश्रय मिळालेल्या माणसाला जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं फी न भरता आणता येत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने या वाटेचे नवे अर्ज घेणंच थांबवलं. नेहमीच्या कुटुंब-व्हिसाची वाट उरली, म्हणजे फी भरा, उत्पन्न दाखवा. पगार किती, खोली केवढी? दादांना पडलेलेच प्रश्न, फक्त विचारणारं सरकार.

कुणी म्हणेल, मुलाच्या नावावर भलतेच लोक घुसतात. मग तपासा ना! दाखले बघा, रक्ताची तपासणी करा. पण त्याला मुदत ठेवा. १९८९ च्या बालहक्क कराराच्या दहाव्या कलमात अशा अर्जांचा निकाल माणुसकीने आणि लवकर लावावा, असं लिहिलंय. आपणही १९९२ मध्ये तो करार मान्य केलाय. निर्वासितांसाठी वेगळा कायदा मात्र आपल्याकडे अजून नाही, हेही सांगायला हवं. माझं म्हणणं एवढंच, की मोठ्या माणसाला थांबवता येतं, मुलाला "जरा थांब" म्हटलं तरी ते वाढायचं थांबत नाही.

दादांबरोबर मुंबईला पोचले तेव्हा आई स्टोव्ह पेटवत होती. तिने हाक मारली, मी उंबऱ्यातच उभी. भूक लागली होती, पण मागायचं कसं ते कळेना. शेवटी म्हटलं, "अहो, पाणी देता का?"

आई काही बोलली नाही. पाठ फिरवून स्टोव्हला पंप मारत राहिली, तो पेटला होता तरी.