‘फुकटवाले’ ही हाक शाळेतून बंद करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी यांच्या सेवेशी

विषय : आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) प्रवेश मिळालेल्या मुलांची शाळेत होणारी हेटाळणी थांबवणे व आमच्या आधीच्या अर्जांवर प्रत्यक्ष कार्यवाही करणे.

महोदय,

आम्ही चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी आणि मोशी भागात राहणारे पालक आहोत. आमच्यातले बहुतेक जण कंपन्यांत कंत्राटी हेल्पर, ऑपरेटर किंवा कॅन्टीनमध्ये कामाला आहेत, काही जण रिक्षा चालवतात. आमची मुले पंचवीस टक्के राखीव जागांवर एका खासगी इंग्रजी शाळेत शिकतात. शाळेचे नाव सोबतच्या बंद पाकिटात आहे. मुलांची नावे त्यातही दिलेली नाहीत, कारण मागचा अर्ज आपल्या कार्यालयात दिला आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात ‘तक्रार कोणाच्या घरून गेली?’ अशी विचारणा झाली.

गणपतीच्या सुट्टीआधी आम्ही पहिला अर्ज दिला, तेव्हा ‘आठ दिवसांत पाहणीला माणूस पाठवतो’ असे आम्हाला सांगण्यात आले. कोणीही आले नाही. दिवाळीनंतर विचारले, तेव्हा शाळेला पत्र गेल्याचे कळले. त्या पत्राची प्रत मागितली, ती आजवर हाती पडलेली नाही. नियम आपणास ठाऊक आहेत. ते येथे उतरवून आपला वेळ घेत नाही. मुलांना रोज काय ऐकावे लागते तेवढे मात्र पुन्हा लिहितो, कारण ते आपल्या कार्यालयात कोणी नीट वाचले असे वाटत नाही.

आमच्या मुलांना वर्गात नावाने हाक मारली जात नाही. ‘ए फुकटवाल्या’, ‘ए आरटीई’, ‘ट्वेंटी फाइव्ह पर्सेंट’ अशा हाका येतात. चौथीतल्या एका मुलीने चार्ट पेपर मागितला, तर ‘तुझं सगळं फुकट, आता आमच्याकडूनही फुकट पाहिजे का?’ असे गटातल्या मुली म्हणाल्या. तिने तो तक्ता केलाच नाही आणि शून्य गुण घेतले. एका मुलाच्या वडिलांना कंपनीने ब्रेक दिला. ही गोष्ट व्हॅनमध्ये कळली आणि पुढे कित्येक दिवस ‘तुझे पप्पा पण फुकट’ असे त्याला ऐकवले गेले. कंत्राटी कामगाराला ब्रेक का मिळतो हे दहा वर्षांच्या मुलाने इतरांना कसे समजावून सांगायचे? एक आई पहिली पाळी सुटल्यावर कंपनीच्या गणवेशातच मुलीला न्यायला जायची. आता मुलगी तिला गेटपाशी येऊ देत नाही, पुढच्या मेडिकलपाशी थांबायला सांगते. सातवीतल्या मुलांना तर ‘आठवीपर्यंतच आहात, मग बघू’ हे शिक्षकांच्या तोंडूनही ऐकावे लागते. आठवीनंतर फी कुठून आणायची ही चिंता आमच्या घरात आधीच आहे. ती मुलांच्या डोक्यावर वर्गात ठेवण्याचा अधिकार शिक्षकांना कोणी दिला?

सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट अशी. महिनोन्महिने हे ऐकून घेणाऱ्या एका मुलाने अखेर चिडवणाऱ्याला ढकलले. डायरीत लाल शेरा त्यालाच मिळाला आणि शाळेत बोलावणे त्याच्याच पालकांना आले. वडील अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन गेले. चिडवणे कोणाला ऐकू आले नव्हते, ढकलणे सगळ्यांना दिसले होते. हा मुलगा आता सोमवारी सकाळी पोट दुखते म्हणून झोपून राहतो.

‘मुलांची मस्करी आहे, मुले विसरून जातात’ असे आम्हाला आपल्या कार्यालयात सांगण्यात आले. हे आम्हाला मान्य नाही, कारण ‘फुकटवाले’ हा शब्द मुलांनी शोधलेला नाही. तो शाळेच्या ऑफिसातून वर्गात आला आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने आरटीईच्या नियमांत बदल केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे त्या वर्षीचे प्रवेश जुलैअखेर सुरू झाले, आणि शाळा तर जूनमध्येच भरली होती. उशिरा आलेली ही मुले पहिल्या दिवसापासून वेगळी दिसली. त्यांच्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळा निघाला, त्यात आरटीईचे जुने पालकही घातले गेले, आणि तो आजही तसाच चालू आहे. हजेरीपटात मुलांच्या नावापुढे खूण आहे. पुस्तकांसाठी रांग वेगळी लागते. ‘आरटीईवाल्यांनी ऑफिसला यावे’ अशी स्पीकरवर घोषणा होते, तेव्हा वर्गातून कोण उठते ते बाकीची मुले पाहतात. मोठ्यांनी लावलेली पाटीच मुले वाचून दाखवतात.

शिवाय हा शब्द खोटा आहे. या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती शासन करते, आणि शासनाच्या तिजोरीत तेलाच्या पिशवीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आम्हीही कर भरतो. प्रतिपूर्ती थकली असेल तर संस्थाचालकांनी ती शासनाकडे भांडून घ्यावी, आम्हीही त्यांच्यासोबत येऊ. पण त्याचा राग पहिलीच्या मुलावर निघता कामा नये.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, दिल्लीत दहावीत शिकणाऱ्या मुलाने जीव दिला. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने शिक्षकांच्या वागण्याबद्दल लिहिले होते. आमच्या मुलांबाबत आम्ही असे काही सुचवत नाही, तसा विचारही सहन होत नाही. पण शाळेतले बोलणे मूल विसरून जाते असे यापुढे आम्हाला कोणी सांगू नये.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, हजेरीपट, घोषणा, ग्रुप, रांगा, बसण्याची जागा या सगळ्यांतून आरटीईची वेगळी ओळख शाळेने पुसून टाकावी. शासनाला लागणारी नोंद ऑफिसच्या दप्तरात राहू द्यावी, वर्गात येऊ देऊ नये. तसे लेखी आदेश आपण काढावेत, त्यांची प्रत आम्हाला द्यावी आणि आपल्या अधिकाऱ्याने शाळेला न कळवता येऊन पाहणी करावी. त्या वेळी चौकशी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये करू नये. मुलांशी आणि पालकांशी स्वतंत्र बोलावे. शिक्षक किंवा ऑफिसमधील कोणी ‘फुकटवाले’ हा शब्द वापरला, तर त्यांच्यावरील कारवाई आम्हाला कळवावी. डायरीतला तो लाल शेरा रद्द व्हावा.

तक्रारपेटी ऑफिसच्या खिडकीखालून हलवावी आणि तिची किल्ली क्लार्ककडे राहू नये. सखी सावित्री समितीच्या फलकावर शाळा सोडून गेलेल्या बाईंचे नाव आहे, ते बदलावे. समुपदेशकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी जे सांगितले, त्याप्रमाणे नेमणूक व्हावी. व्हॅनमध्ये मदतनीस बाई असाव्यात.

या वेळी तोंडी आश्वासन घेऊन आम्ही परत जाणार नाही. निवेदनाच्या आमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि पाहणीची तारीख लिहून द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर आधीच्या अर्जांच्या पोचपावत्यांसह आम्ही महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाऊ. पाहणीला येताना कृपया सकाळच्या परिपाठाच्या वेळी यावे. स्पीकरवरून घोषणा तेव्हाच होतात.

आपले विश्वासू,
चाकण–महाळुंगे–निघोजे–कुरुळी–मोशी परिसरातील पालक
(सह्या व अंगठे सोबतच्या कागदावर)