मानेचे दुखणे आणि डोक्यावरचा हंडा

कोयनानगरजवळच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावते. तरीही पाटण तालुक्यातल्या डोंगरी वाड्यांत उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा सुटत नाही. १५ लिटरचा हंडा म्हणजे मानेवर किमान १५ किलो, तोही चढणीवर.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेले मानेचे दुखणे जुनाट समजतात. एक्स-रेमध्ये दिसणारी मणक्यांची झीज वयानुसार दुखणे नसलेल्यांतही आढळते, तेव्हा फोटो पाहून घाबरू नये. मानेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधल्यास स्नायू दुबळे होतात. मान व खांद्यांचे नियमित व्यायाम अधिक उपयोगी ठरतात. मात्र हातातली ताकद कमी होणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

‘ओझे उचलू नका’ हा सल्ला नळ नसलेल्या घरात पाळायचा कसा? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. रखडलेली नळयोजना हा आरोग्याचाही प्रश्न आहे. तोवर हंड्याऐवजी कळशी घ्यावी आणि पाण्याच्या खेपा घरातल्या पुरुषांनीही वाटून घ्याव्यात.