तुमच्या ८० टक्क्यांत आमचा पुतण्या

मनुष्यबळ अधिकारी साहेब,


तुमच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. नरडाण्याच्या एमआयडीसीत पाट्या पुष्कळ आहेत. ज्यांना हे पत्र आपलं वाटेल त्यांनी ते आपलं समजावं. तुम्ही मात्र मला ओळखाल. ग्रामपंचायतीतली बैठक आटोपून तुम्ही आमच्याकडे जेवलात. कळण्याची भाकरी आणि भरीत मागून घेतलंत. हात धुताना म्हणालात, "गुरुजी, नियमच आहे. ऐंशी टक्के पोरं इथलीच घ्यावी लागतात." मग गावातल्या पोरांचे रहिवासी दाखले, आयटीआयची प्रमाणपत्रं, आधारच्या झेरॉक्स मीच गोळा केल्या आणि तुमच्या केबिनात आणून दिल्या.

ते ८० टक्के पूर्ण झाले म्हणे. कसे झाले, ते पुतण्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरून कळलं. पोरगा आयटीआयचा फिटर. चिठ्ठीवर तुमची कंपनी नव्हतीच. ठेकेदाराचं नाव, आणि कामाच्या रकान्यात 'हेल्पर'. माल चढवायचा, उतरवायचा, मशीनकडे फिरकायचं नाही. अधूनमधून ब्रेक देतात, मग नवा ठेकेदार, नवा नंबर, जुनी नोकरी पाण्यात. फिटर बाहेरून येतात, ते कंपनीच्या रोलवर. त्यांच्याशी माझं भांडण नाही. आमच्या खानदेशची किती पोरं ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला जाऊन उधना-लिंबायतमध्ये पोट भरतात. परमुलखातून आलेल्याला मी कोणत्या तोंडाने बोल लावू?

माझा राग तुमच्या कागदावर आहे. १७ नोव्हेंबर २००८चा शासन निर्णय मी मिळवून वाचला. पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि बाकीच्या जागांवर ८० टक्के स्थानिक. स्थानिक कोण? महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. म्हणजे पुण्याचा इंजिनियर स्थानिक, नाशिकचा सुपरवायझरही स्थानिक. जमीन गेली शिंदखेडा तालुक्याची, पण त्या ५० टक्क्यांत शिंदखेड्याचा एकही नसला तरी चालतो. तुम्ही ही फट बरोबर हेरलीत. वरच्या खुर्च्यांना शहरातली माणसं, खालच्या घामाला आमची, तीही ठेकेदाराच्या मस्टरवर. नियम मोडला असं मी म्हणूच शकत नाही. तुम्ही तो असा काही पाळलात की आम्हाला दाद मागायला जागा उरली नाही.

आणि ही अट काही फुकट पाळत नाही तुम्ही. मागास भागात उद्योग यावेत म्हणून सरकारने १९६४पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली. मुद्रांक शुल्कात सूट, विजेच्या शुल्कात सूट, आता कराचा परतावा. आमच्या मागासपणाचे पैसे तुम्हाला मिळतात, साहेब. जिल्हा उद्योग केंद्रापुढे आकडे मांडताना पुतण्या तुमचा स्थानिक कामगार. त्याने ग्रॅच्युइटीचं विचारलं की तो तुमचा कोणी नाही, 'ठेकेदाराला भेट'. मोजायला तुमचा, द्यायची वेळ आली की दुसऱ्याचा! मी वर्गात गणित शिकवलं, पण हा हिशेब मला सुटत नाही.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर काळ्या लोकांना उद्योगात वाटा मिळावा म्हणून कंपन्यांना गुण देण्याची पद्धत आली: मालकीत किती, व्यवस्थापनात किती, शिकवलं किती जणांना, माल कोणाकडून घेतला. तिथेही माळी-ड्रायव्हरला कागदोपत्री भागीदार करणारे निघालेच. पण २०१३च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरला. १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे असा कागद फायलीला लागतो आणि परतावा सुटतो.

तुम्ही बैठकीत 'जमिनीच्या बदल्यात पुढच्या पिढीला नोकरी' असंही बोलला होतात. कोणत्या तालुक्यात बोलत होतात, याची कल्पना होती? विखरण आमच्याच तालुक्यात. वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागता मागता ८४ वर्षांच्या धर्मा पाटलांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारी २०१८ला ते गेले. जमिनीच्या बदल्यात काय मिळणार, हे इथे कोणी सहज बोलणं म्हणून ऐकत नाही.

आता मनमाड-इंदूर रेल्वे नरडाण्यावरून जाणार. केंद्राने सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यातही धुळे-नरडाणा आहेच. म्हणजे अजून कारखाने येतील, अजून झेरॉक्स मागितल्या जातील. माझ्याकडून यापुढे एकही मिळणार नाही. आधी तुमच्या ८० टक्क्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. नाव, गाव, हुद्दा, रोल कंपनीचा की ठेकेदाराचा, आणि कधीपासून. परताव्याच्या अर्जालाही तीच यादी जोडा. पोरं रस्त्यात अडवून विचारतात, "सर, मनं नाव यादीमा शे का?" त्यांना फळा दाखवता येईल.

पुतण्यासाठी वशिला लावत नाही. त्याची ट्रेड टेस्ट घ्या, तुमच्याच मशीनवर, तुमच्याच इंजिनियरसमोर. नापास झाला तर खुशाल हेल्पर ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नरडाणा